'आमचे' म्हणून सांगितलेले 'माझे'

मराठी आत्मचरित्रांची समीक्षा बहुधा प्रांजळपणाच्या कसोटीवर झालेली आहे. लेखकाने किती उघड केले, काय झाकले, स्वतःला झुकते माप दिले काय, हे प्रश्न तिने आस्थेने विचारले. परंतु आपले आयुष्य चारचौघांत सांगण्याजोगे आहे असे एखाद्या व्यक्तीला मुळात कशाच्या बळावर वाटू लागते, हा त्याआधीचा प्रश्न तिने क्वचितच विचारला. ज्यांना बोलण्याचा अधिकार समाजाने जन्मतःच देऊन ठेवला होता, त्यांच्या बाबतीत तो विचारण्याची गरजही भासली नसावी. स्त्रियांची आणि दलितांची आत्मकथने वाचताना मात्र तो टाळता येत नाही. आणि त्याच्या उत्तराचा धागा पुष्कळदा पुस्तकाच्या नावातल्या एखाद्या सर्वनामातच सापडतो.

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती रानडे 1901 मध्ये निवर्तले होते. नावातले 'आमच्या' हे पतिपत्नींचे बहुवचन आहे, आणि पुस्तकाला गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे. या वेळेपर्यंत रमाबाई सभांतून भाषणे करीत होत्या, पुण्याच्या सेवासदनाचे काम त्यांच्या हाती होते. तरीही लिहायला बसल्यावर त्या रानड्यांच्या पत्नी म्हणूनच बोलतात. यावरून हे पुस्तक म्हणजे रानड्यांचे चरित्रच, असा निर्वाळा काहींनी दिला. तो घाईचा आहे. 1873 साली अकरा वर्षांच्या आतबाहेरच्या एका मुलीचे लग्न नुकत्याच विधुर झालेल्या, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवलेल्या सुधारकाशी होते. तो तिला शिकवतो आणि त्या शिकण्यापायी घरातल्या बायका तिला घालून पाडून बोलतात, हा वृत्तांत रानड्यांच्या दुसऱ्या कोणत्याही चरित्रकाराला सांगता आला नसता. घरातला हा छळ विधवेने छापून आणावा, हे त्या काळच्या रीतीत बसणारे नव्हते. पतीच्या स्मृतीला वाहिलेल्या पुस्तकात मात्र तो बसला. पातिव्रत्याची भूमिका येथे परवान्यासारखी वापरली गेली आहे. जाणूनबुजून की अजाणता, हा प्रश्न गौण आहे. या परवान्याची मुदतही ठरलेली होती. रानडे गेले आणि पुस्तक संपले. रमाबाईंचे स्वतःचे कर्तृत्व ज्या वर्षांत बहरले, ती वर्षे या आठवणींच्या बाहेरच राहिली.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची सुरुवातही दुसऱ्याच्या निमित्ताने झाली. मुलाला वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी सामग्री हवी होती. 1934 ते 1936 या काळात चार भागांत ही चित्रे पुस्तकरूपाने आली, तेव्हा चरित्रनायक बाजूला सरून सांगणारीच मध्यभागी आलेली होती. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरची ताटातूट आणि 1900 साली लक्ष्मीबाईंनी घेतलेला बाप्तिस्मा, एवढी सामग्री कोणाही लेखकाला करुणरसात बुडवायला पुरेशी होती. लक्ष्मीबाईंनी विनोद निवडला. जो स्वतःलाच हसतो त्याला लोक बोलू देतात, ही जाण त्यामागे असावी. अर्थात ज्या पुस्तकाची इतकी स्तुती होऊन गेली आहे, त्याच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (1970) हे याहून वेगळे प्रकरण. त्यांच्या नावावर ना थोर पती होता, ना समाजकार्य. त्यांनी सांगितले आणि अरुण साधू यांनी शब्दांकन केले. शीर्षक आले ते 1959 साली गाजलेल्या त्यांच्याच चित्रपटाकडून. म्हणजे लोकांनी ज्या हाकेला पडद्यावर एकदा प्रतिसाद दिला होता, तीच हाक त्यांनी पुन्हा दिली. नटीने आपले खाजगी आयुष्य सांगावे, आणि तेही एका ओळखीच्या भूमिकेच्या नावाखाली, ही युक्ती साधी वाटते. तिच्याशिवाय ते पुस्तक उभे राहिले असते काय, हे सांगणे कठीण आहे.

दलित स्वकथनांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे सांगणाऱ्याला दोन श्रोत्यांची भीती असते: परक्यांची आणि आपल्या माणसांची. जोतीराव फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे हिने 1855 साली 'ज्ञानोदया'त जे लिहिले ते 'मांग महारांच्या दुःखाविषयी' होते. एकट्या मुक्तेच्या दुःखाविषयी नव्हते. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (1978) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. ही रचना म्हणजे कलात्मक प्रयोग, असे समीक्षेने मानले. ती आणखीही काही आहे. शिकलेला, नोकरी करणारा, पांढरपेशा वस्तीत वावरणारा माणूस जे तोंडाने उच्चारू शकत नाही, ते त्याच्या जुन्या नावाचा माणूस बोलू शकतो. पुस्तक आल्यावर घरची धुणी चव्हाट्यावर आणल्याची तक्रार स्वजनांतूनच झाली, ती पाहता या आडोशाची गरज किती खरी होती ते कळते.

बेबी कांबळे यांनी फलटणला संसार केला. शिक्षण चौथीपर्यंतचे. नवराबायकोंनी आधी द्राक्षे, मग भाजी विकली आणि पुढे किराणा मालाचे दुकान टाकले. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीत जे छापील हाती लागेल ते त्या वाचीत. नवरा मालासाठी बाहेर गेला की वहीत लिहीत आणि लिहिलेले अडगळीत लपवीत. हे लपविणे सुमारे वीस वर्षे चालले. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांना त्या लेखनाचा पत्ता लागला. त्यांच्या प्रोत्साहनामुळे ते आधी 'स्त्री' मासिकातून आणि 1986 साली 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तकरूपाने वाचकांपुढे आले.

वीस वर्षे नवऱ्यापासून दडविलेल्या लेखनात नवऱ्याविषयी काय आहे, असे कुतूहल वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. जवळजवळ काहीच नाही. पुस्तकात वीरगावचा महारवाडा आहे, आषाढ महिना आहे, अंगात येणे आहे, भूक आहे, बाबासाहेबांच्या शब्दाने हलून उठलेल्या बायका आहेत. शिकल्यासवरल्या नव्या पिढीला आपल्या वाडवडिलांनी काय सोसले ते कळावे, हा हेतू लेखिकेने उघडपणे मांडला आहे. 'आमुचं' हे सर्वनाम तिने खरे करून दाखविले. स्वतःचे म्हणून फार थोडे मागे ठेवले. समाजाचे ऋण फेडण्याच्या या भूमिकेतूनच तिला लिहिण्याचे बळ मिळाले, यात संशय नाही. आंबेडकरी चळवळीने तिला जे 'आम्ही' दिले, त्याच्या आधाराशिवाय दुकानाच्या गल्ल्यामागे बसून लिहिण्याचे धाडस तिला झाले नसते.

पण याच पुस्तकात सुनांच्या छळाचे काही परिच्छेद आहेत. सासवांच्या चिथावणीने नवरे बायकांना मारीत. काहींची तर नाकेही कापली गेली. निवेदिका हे सारे साक्षीदाराच्या स्वरात सांगते, त्या बायका म्हणून. स्वतःला त्यांच्यात धरीत नाही. 2008 साली माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि त्याला लेखिकेची मुलाखत जोडली. तीत बेबीताईंनी प्रथमच आपल्याविषयी विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली. 1986 च्या मराठी वाचकासमोर हा मजकूर नव्हता. त्यामुळे 'मी'पासून 'आम्ही'पर्यंतचा उदात्त प्रवास म्हणून या पुस्तकाचे जे वाचन रूढ झाले, त्याला ही मुलाखत मुरड घालते. 'आम्ही'ने जे बोलायला लावले त्याचे मोल कमी होत नाही; मात्र तेच सर्वनाम काय बोलू देत नव्हते, हेही लक्षात येते. उर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये (2003) आईने विणलेल्या आयदानांच्या आणि वस्तीच्या गोष्टींसोबत स्वतःच्या संसारातली ओढाताणही मांडली, तोवर मधे सतरा वर्षे गेली होती आणि अनेकींनी लिहून वाट थोडी रुंद केली होती.

त्या मुलाखतीत एक प्रसंग आहे. एका सभेसाठी पतिपत्नी मुंबईला निघाली होती. डबा गच्च भरलेला. काही तरुणांनी तिच्याकडे पाहिले, एवढ्यावरून नवऱ्याला संशय आला आणि त्याने असा तडाखा दिला की नाकातून रक्त वाहू लागले. पुस्तकात नाके दुसऱ्या बायकांची आहेत.