टेंभलीतलं लाँच

टेक प्रॉडक्टचं लाँच म्हटलं की बंगळुरूचं हॉटेल आणि मोठा स्क्रीन डोळ्यांसमोर येतो, हो ना? पण देशातलं सगळ्यात मोठं लाँच, निदान माझ्या मते, आमच्या नंदुरबार जिल्ह्यात झालं. शहादा तालुक्यातलं टेंभली, २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक दिले गेले. सगळ्यात पहिला रंजना सोनवणे यांना.

यामागे होते इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी. २००९ मध्ये कंपनी सोडून ते प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. सुरुवातीला प्रॉडक्टचं नाव होतं ‘यूआयडी’. आजीला सांगून बघा बरं! २०१० मध्ये त्याचं ‘आधार’ झालं. लोगोत सूर्य आणि त्यात बोटाचा ठसा. वाचता येत नसलं तरी ओळखू येतो. मार्केटिंग याला म्हणतात.

मी माझं पहिलं ॲप पुण्यातल्या मित्रांच्या नव्याकोऱ्या फोनवर तपासलं. गावी काकांच्या जुन्या फोनवर ते उघडेचना. आधारवाल्यांसमोर तर मजुरीने झिजलेली बोटं होती, ठसे नीट उमटत नाहीत. म्हणून डोळ्यांची बुबुळंही स्कॅन करायचं ठरलं.

एप्रिल २०१६ पर्यंत १०० कोटी लोकांना आधार मिळालं. पुढे पत्रकार टेंभलीत गेले तेव्हा रंजनाताई विचारत होत्या, कार्ड मिळालं, पण कामाचं काय?