मंडळ सोडताना

‘हौस’ हा शब्द आपल्याकडं अरबी-फारसीच्या वाटेनं आला. मूळ शब्द ‘हवस’. उर्दू-हिंदीत आजही तो लोभ आणि वासना याच अर्थानं वापरतात. मराठीनं त्याला घरात घेतलं, माजघरात बसवलं आणि त्याचा स्वभावच बदलून टाकला. आपण ‘हौसेला मोल नाही’ म्हणतो, तेव्हा त्यात दोन गोष्टी येतात. हौसेपायी माणूस वाटेल तेवढा खर्च करतो आणि त्या खर्चाची भरपाई त्याला कुणीही देत नाही.

आमच्या सिंधुदुर्गात अशी हौस वाडीवाडीत आहे. मालवण ते वेंगुर्ला या किनारपट्टीत भजनी मंडळ नाही अशी वाडी शोधावी लागेल. पखवाज वाजवणारा दिवसा सुतारकाम करतो, झांज धरणारा पहाटे रापणीला जाऊन आलेला असतो, बुवा शाळेत गणित शिकवतो. पेटी वर्गणीतून घेतलेली, सतरंजी कुणीतरी दिलेली, चहा ज्याच्या घरी तालीम त्याच्याकडं. गणपतीत घरोघर भजन, एखाद्या वर्षी डबलबारी, आणि जत्रेच्या दिवसांत दशावतार बघत काढलेली रात्र. दशावताराच्या कंपन्या धंदेवाईक. नटाला तिथं नाईट मिळते, मालकाशी बोलणं झालेलं असतं. वाडीतल्या मंडळात यातलं काहीच नसतं. ना करार, ना पगार, ना राजीनाम्याचा कागद.

म्हणूनच मंडळात राहायचं की सोडायचं, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. नोकरी सोडणारा माणूस पगार सोडतो. मंडळ सोडणारा काय सोडतो, ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. हौशी माणसाच्या हाती अधिकार एकच, उठून जाण्याचा. तो कधी वापरावा, याचा एक इतिहास आपल्या महाराष्ट्रात आहे.

सुरुवात अण्णासाहेब किर्लोस्करांपासून करू. अण्णासाहेब पेशानं सरकारी नोकर. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. हौसेनं एकत्र आलेल्या गाणाऱ्यांतून पुढं किर्लोस्कर नाटक मंडळी नावाची मोठी व्यावसायिक संस्था उभी राहिली. आणि संस्था मोठी झाली, तसं सोडून जाणंही आलं. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१८ मध्ये आमच्या शेजारच्या गोव्यातले, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. गंधर्व मंडळीतूनही टेंबे आणि बोडस पुढं वेगळे झाले. पण ही फाटाफूट मुख्यतः धंद्यातली. तिथं भागीदारी होती, हिशेबाच्या वह्या होत्या, कर्ज होतं. अशा ठिकाणी सोडण्याचं कारण निदान आकड्यांत मांडता येतं.

हौशी संस्थेत आकडे नसतात. ‘रंगायन’चं उदाहरण घ्या. १९६० साली मुंबईत विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे अशा मंडळींनी ती संस्था सुरू केली. १९६७ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तिनंच रंगभूमीवर आणलं. गंमत अशी की ते नाटकही एका हौशी नाटक मंडळीबद्दलच आहे. गावात प्रयोगाला आलेली माणसं वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात आणि आपल्यातल्याच एका बाईला त्यात घेरतात. हौसेच्या मंडळात माणसं एकमेकांशी किती क्रूर वागू शकतात, हे त्याहून स्पष्ट कुणी लिहिलं नसेल. पुढं मतभेद झाले आणि १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ सुरू केली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून या संस्थेनं जी चळवळ उभी केली, तिच्यातून मराठी रंगभूमीला नटांची आणि लेखकांची एक अख्खी पिढी मिळाली.

पण या प्रश्नाचा खरा कस लागला तो पुण्यात, ‘घाशीराम कोतवाल’च्या वेळी. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘पीडीए’, ही पुण्यातली नावाजलेली हौशी संस्था. भालबा केळकर तिचे आधारस्तंभ. विजय तेंडुलकरांचं हे नाटक पीडीएनं १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात सादर केलं. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. करणारे कोण? जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. नाना झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रातले. दिवसाची कामं आटोपून रात्री तालमीला येणारी ही माणसं. आमच्या पखवाजवाल्यापेक्षा त्यांची परिस्थिती वेगळी असेल, हौस तीच.

या नाटकाची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीनं लक्षात घेण्यासारखी आहे. रंगमंचावर गाणाऱ्या ब्राह्मणांची एक रांग उभी असते. तीच पडदा होते, तीच भिंत होते, तीच गर्दी. ती गाते, डोलते, पाठ फिरवते आणि प्रसंग बदलतो. कीर्तन, दशावतार, खेळे, तमाशा, सगळ्यांचे धागे त्यात आहेत. एकट्यानं चमकण्याला तिथं फार जागा नाही. एक माणूस कमी झाला तर भिंतीला भगदाड पडतं.

नाटकावर वाद उठला. नाना फडणवीसांची बदनामी केली, ब्राह्मणांची टिंगल केली, असे आक्षेप आले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवायचं ठरवलं. भालबांची बाजूही समजून घ्यायला हवी. वर्षानुवर्षं खपून संस्था उभी केलेल्या माणसाला तिच्या नावावर वाद नको असणं अगदी स्वाभाविक आहे. संस्था त्यांची होती, निर्णयाचा अधिकारही त्यांच्याकडं होता. दुसऱ्या बाजूला तरुण मंडळी होती. नाटक चुकीचं आहे असं त्यांना वाटत नव्हतं आणि ते बंद ठेवून गप्प बसणं त्यांना मान्य नव्हतं.

त्यांच्यापुढं दोन वाटा होत्या. संस्थेत राहायचं, दुसरं नाटक हाती घ्यायचं आणि ‘घाशीराम’ विसरायचं. किंवा नाटकासाठी संस्था सोडायची. त्यांनी दुसरी वाट धरली. नाटकातली बहुतेक मंडळी एकत्र बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अ‍ॅकॅडमीची स्थापना झाली. ११ जानेवारी १९७४ रोजी ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं. १९८० मध्ये ते युरोपात गेलं. त्या दौऱ्यालाही विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं, तरी नाटक गेलं. पुढं ‘महानिर्वाण’, ‘तीन पैशाचा तमाशा’, ‘बेगम बर्वे’ हे सारं त्या नव्या घरात घडलं. जुनं घरही मोडलं नाही, पीडीए पुढं चालू राहिली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की ही माणसं कुणाच्या विरोधात उठून गेली नाहीत. एका कामासाठी गेली. जाताना काम बरोबर घेऊन गेली. भिंत मोडून एकेक वीट घरी गेली असं झालं नाही. आख्खी भिंत दुसरीकडं जाऊन उभी राहिली.

याच पीडीएमधले डॉ. श्रीराम लागू यांचा निर्णय वेगळ्या जातीचा. कान-नाक-घशाचे शल्यविशारद, पुण्यात आणि टांझानियात वैद्यकी केलेली. वर्षानुवर्षं हौशी नट म्हणून काम केल्यावर, चाळिशी ओलांडल्यानंतर, १९६९ मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्णवेळ नट झाले. त्यांनी हौस सोडली नाही, व्यवसाय सोडला. पण लागूंचं उदाहरण सांगून कुणाला नोकरी सोडायला लावू नये. तसं धैर्य आणि तशी ताकद एकाच माणसात क्वचित येते.

आपल्याकडं सोडणं आणखी एका प्रकारे झालं, ते कुणी ठरवून केलेलं नाही. गिरणगावातल्या खोल्यांत आमच्या गावोगावचे चाकरमानी एकत्र राहत, भजनं करत, कामगार रंगभूमीवर नाटकं बसवत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. कितीतरी माणसं गावी परतली, ती पुन्हा गेली नाहीत. राहू की सोडू असं त्यांना कुणी विचारलंच नाही. आणि त्याच सुमारास मालवणी माणसाची ही हौस ‘वस्त्रहरण’ होऊन महाराष्ट्राला हसवत होती. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक १९८० मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. गावातलं नाटक उभं राहताना किती अडचणी येतात, कोण रुसतो, कोण ऐन वेळी नाही म्हणतो, याची ती कहाणी. आम्ही पोट धरून हसलो, कारण त्यातला प्रत्येक माणूस आमच्या मंडळात होता.

आता थोडं माझं. मी कविता लिहितो. कवितेला मंडळ लागत नाही. चार महिने हात लावला नाही तरी ती रुसून जात नाही. पण तीस वर्षं मी आमच्या वाडीच्या मंडळात पेटी वाजवतो, लागेल तेव्हा पदं लिहून देतो. आमच्या घरात नमाज आहे, शेजारी गणपती आहे. यात विशेष काही आहे असं गावात कुणाला वाटत नव्हतं. काही वर्षांपूर्वी मुंबईहून आलेल्या एका सभासदानं तालमीत विचारलं, “भजनाच्या पेटीर ह्यो कित्याक?” मंडळी गप्प राहिली. प्रश्नापेक्षा त्या गप्प राहण्याचा मला जास्त त्रास झाला. घरी जाताना वाटलं, उद्यापासून संपलं.

तेव्हा मी हा सारा इतिहास मनात घोळवला. पीडीए सोडणाऱ्यांकडं एक नाटक होतं. मी सोडलं असतं तर माझ्याबरोबर काय आलं असतं? पेटी मंडळाची, अभंग सगळ्यांचे, पखवाज तिथंच. बरोबर आला असता तो फक्त राग. आणि मी गेल्यावर त्या माणसाचा प्रश्न हाच मंडळाचा नियम झाला असता. पुढच्या शनिवारी मी गेलो. बुवांनी काही न बोलता पेटी उचलून माझ्यापुढं ठेवली आणि काळी चारचा सूर मागितला. मी दिला. तो गृहस्थ त्या रात्री कोपऱ्यात बसून होता. पुढं तो झांज धरायला लागला. आमच्यात मैत्री झाली असं मी म्हणणार नाही, पण ताल चुकत नाही.

हल्लीच आमच्या मंडळातल्या तबलजी पोरानं मला तोच प्रश्न केला. “चाचानू, माका सांगा, रव्हू की सोडू?” त्याला एका ऑर्केस्ट्रात बोलावणं आहे, पैसे मिळतील. मंडळात त्याला नवं काही वाजवू देत नाहीत, ही त्याची तक्रार आहे आणि ती खरी आहे. मी त्याला उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, “तू गेल्यावर तिकडं काय वाजवणार?” तिथं त्याचा हात वाढणार असेल तर त्यानं जावं, आणि जाण्याआधी धाकट्या पोराला ठेका शिकवून जावं. पण बुवांवर रुसून, त्यांना धडा शिकवायला तो जात असेल, तर चार दिवसांत तबला कपाटावर जाईल. असे कपाटावर गेलेले तबले आमच्या वाडीत तीन तरी आहेत.

राहणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. नुसतं राहणं म्हणजे निष्ठा नव्हे. मंडळात कुणावर अन्याय होताना गप्प बसून राहणारा माणूस सतरंजीवरची जागा तेवढी अडवतो. राहायचं असेल तर बोलावं लागतं, तालमीला वेळेवर यावं लागतं आणि नव्या पोराला एखादी गौळण त्याच्या चालीनं म्हणू द्यावी लागते.

तबलजीचं अजून ठरलेलं नाही. पण त्यानं धाकट्याला शिकवायला सुरुवात केली आहे. तो गेला तरी यंदाच्या गणपतीत आमच्याकडं ठेका धरणारं कुणीतरी असेल.