दूरध्वनीचा कारागीर

दूरध्वनीच्या शोधाचे श्रेय इतिहास ग्रॅहम बेल यांस देतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्यांचे कारागीर टॉमस वॉटसन यांची उपेक्षा आम्हांस अन्यायाची वाटते. २ जून १८७५ रोजी बोस्टन येथे तारायंत्राच्या प्रयोगात एक पोलादी पट्टी अडकून बसली. वॉटसन यांनी ती मोकळी करण्यासाठी छेडली, आणि तिचा नाद दुसऱ्या खोलीत बेल यांच्या कानी पडला. दूरध्वनीचे बीज या क्षुल्लक दुरुस्तीत होते! पुढे १० मार्च १८७६ रोजी तारेतून गेलेले पहिले सुबोध वाक्य म्हणजे वॉटसन यांनाच मारलेली हाक होय. १९१५ साली बेल न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोशी बोलले, तेव्हाही पलीकडे वॉटसनच होते. बिघाड काढणारा हात शोधाचाही भागीदार असतो, हे इतिहासकारांनी विसरू नये.