पन्नास पिढ्यांची भूक



आमच्या वडनेरास लग्नाच्या पंगतींत जिलेबीचा आग्रह सुरू झाला, कीं “मला शुगर आहे” असें म्हणणारा आतां हटकून निघतो. पुष्कळदां तो शेतांत राबणारा, अंगानें सडसडीत माणूस असतो. श्रीमंतांचा म्हणून समजला गेलेला हा रोग त्यास कां व्हावा? या प्रश्नावर उंदरांनीं बराच प्रकाश पाडला आहे.

ईजिप्तच्या वाळवंटांत एका जातीचा उंदीर खारट झुडुपांचा पाला खाऊन सुखानें जगतो. अमेरिकेंतील प्रयोगशाळेंत त्यास नेहमींचें कसदार खाद्य दिलें, तों त्यास मधुमेह जडला. हा शोध १९६४ सालीं प्रसिद्ध झाला. साखर सोसण्याची शक्ति मोजण्याची रीत सोपी आहे: प्राण्यास उपाशी ठेवून मोजकी शर्करा द्यावयाची आणि रक्तांतील साखर किती वेळांत पूर्ववत् होते, तें पाहावयाचें.

याहून मनास चटका लावणारी हकीकत पुण्याकडील आहे. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पन्नास पिढ्या अर्धपोटीं वाढविलेल्या उंदरांचा अभ्यास २०१५ सालीं प्रसिद्ध केला. हे उंदीर जन्मतःच कमी वजनाचे असत. त्यांच्या पोटांत चरबी सांचे आणि मधुमेहाचा धोका सुमारें आठपट असे. पुढें दोन पिढ्या त्यांस पोटभर अन्न दिलें, तरी हा दोष गेला नाहीं!

१८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं आमचा मुलूख होरपळला होता, तो येथें आठवतो. परंतु उंदरांच्या पन्नास पिढ्या म्हणजे मनुष्याचीं हजारावर वर्षें. हा हिशेब एकास एक लावणारा विद्यार्थी मी वर्गांत उभा केला असता. माणसांचा पुरावा निराळा शोधला पाहिजे. डॉ. याज्ञिकांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील बालकांचें जन्मतः वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५. हीं बालकें हाडकुळीं, पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानानें शाबूत! पुष्कळ मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळलें.

आमची आई सर्वांचीं पानें उठल्यावर उरेल तें जेवी. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून महिन्यांत सात-आठ उपास करी. गरोदरपणींहि ते सुटले नाहींत. आम्ही सहा भावंडें. त्यांपैकीं चौघांस शुगर आहे.