चीज (बडोदे परिसरातील)

चीज : दुधातील केसीन हे प्रथिन रेनेटने (दूध गोठवणाऱ्या विकराने) किंवा आम्लाने गोठवून, सुटलेली निवळी काढून टाकून उरलेल्या साक्यापासून केलेला पदार्थ. साका ताजा खाल्ला जातो, खारवला जातो किंवा महिनोन् महिने मुरवला जातो. बडोदे (वडोदरा) शहराभोवतीच्या मुलखात चीजच्या दोन परंपरा आहेत. एक दक्षिणेकडील सुरत–नवसारीच्या पारशी घरांतली, सुरती पनीराची. दुसरी वायव्येकडील चरोतरच्या (खेडा–आणंद भागातल्या) सहकारी दूधसंघांची. दुसरीचे नाव देशभर झाले. पहिली चवीने आणि कसबाने तिच्याहून कमी नाही, तरीही चीजच्या चर्चेत ती फारशी येत नाही.

दूध. या मुलखाचे मूळ जनावर सुरती म्हैस. खेडा, आणंद, बडोदे, भरूच आणि सुरत हा तिचा प्रदेश. विळ्यासारखी वळलेली शिंगे ही तिची खूण. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ४ टक्के असतो, म्हशीच्या दुधात ७ टक्के आणि कधी त्याहूनही अधिक. केसीन व कॅल्शियमही जास्त. त्यामुळे म्हशीच्या दुधाचे चीज उताऱ्याला चांगले पडते. गाईच्या सुमारे १० लिटर दुधातून १ किलो चेडर निघते, म्हशीचे दूध त्याहून कमी लागते. पण साका लवकर आणि घट्ट बसतो, त्यातून ओलावा पटकन निघून जातो आणि चीज सावकाश मुरते. रंगही पांढराच राहतो, कारण गाईच्या दुधाला पिवळसर झाक देणारे कॅरोटिन म्हशीच्या दुधात जवळजवळ नसते. पिवळे चीज हवे असेल तर शेंद्रीच्या बियांचा रंग घालावा लागतो. इटलीत कँपानिया प्रांतातले मोझरेला म्हशीच्याच दुधाचे असते. तिथे हा पांढरेपणा अस्सलपणाची खूण मानला जातो.

सुरती पनीर. याला टोपली पनीर असेही म्हणतात. नवसारी हे पारशांचे जुने धर्मकेंद्र संस्थानकाळात गायकवाडांच्या बडोदे राज्यात होते आणि नवसारी प्रांताचे मुख्य ठाणेही तेच होते. म्हणजे हे चीज बडोद्याच्या इतिहासात बाहेरून आलेले नाही. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तोपर्यंत ते बडोदे राज्याच्याच एका प्रांताचे खाणे होते.

कृती अशी : म्हशीचे दूध तापवून कोमट होऊ देतात, त्यात थोडे विरजण, मीठ आणि रेनेट घालून ते न हलवता ठेवतात. तासाभरात मऊ साका बसतो. तो ढवळत किंवा मोडत नाहीत. पळीने पातळ पातळ काप काढून वेताच्या छोट्या टोपल्यांत थर लावतात. निवळी झिरपत जाते, साका आपल्याच भाराने दबतो आणि त्याच्या अंगावर वेताच्या विणीचा ठसा उमटतो. मग हे गोळे टोपलीतून काढून त्याच खारट निवळीत बुडवून ठेवतात. दाब नाही, कापडात बांधून पिळणे नाही, म्हणून त्यात पाणी भरपूर राहते. चांगले सुरती पनीर बोटाने दाबले तर थरथरते आणि जिभेवर विरघळते. चव हलकी आंबट-खारट. ते निवळीत, थंड जागी ठेवून थोड्या दिवसांत संपवायचे असते. पारशी लग्नाच्या आणि नवजोताच्या (धर्मदीक्षेच्या) भोजनात त्याला मान आहे.

बाजारातल्या नेहमीच्या पनीराशी त्याचे नाते फक्त नावापुरते. ते पनीर कडक तापलेल्या दुधात लिंबू किंवा आम्ल घालून फाडलेले असते. उष्णतेने निवळीतली प्रथिनेही केसीनला चिकटतात, म्हणून ते भाजीत कितीही शिजवले तरी वितळत नाही. सुरती पनीर रेनेटने बसवलेले आणि निवळीत राखलेले असते. त्यामुळे त्याची खरी भावंडे खाऱ्या पाण्यातले ग्रीक फेटा किंवा आपल्या पाण्यातच विकले जाणारे ताजे मोझरेला. भारतात त्याच्या जवळचे म्हणजे बंगालचे बँडेल. तेही छोट्या टोपल्यांत घडते, पण अधिक कोरडे आणि पुष्कळदा धुरावलेले असते.

कारखान्यातले चीज. खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १४ डिसेंबर १९४६ रोजी नोंदला गेला. त्रिभुवनदास पटेल त्याचे नेते होते. १९४९ मध्ये अभियंते व्हर्गीस कुरियन आणंदला आले. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते, संघाचे दुग्धतंत्रज्ञ ह. म. दलाया यांनी ती करून दाखवली. चीजबाबतही तीच अडचण होती, कारण चेडरच्या पाश्चात्य कृती गाईच्या दुधावर बेतलेल्या. तापमान, विरजणाचे प्रमाण, साका कापण्याची वेळ हे सगळे म्हशीच्या दुधासाठी नव्याने जुळवावे लागले. या संघाचा चीजचा मोठा कारखाना पुढे खेडा जिल्ह्यात महेमदाबादजवळ खात्रज येथे उभा राहिला. बडोदे जिल्ह्याचा स्वतःचा दूधसंघ १९५७ चा. शहर त्याला बरोडा डेअरी म्हणून ओळखते.

भारतीय घरात पोचलेले डब्यातले किंवा वडीतले चीज बहुधा प्रक्रिया केलेले असते : मुरलेले चीज किसून, सोडियम सायट्रेटसारखे क्षार घालून, वितळवून पुन्हा साच्यात ओतलेले. ही रीत १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील थून येथे वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी बसवली. त्यात मुरणे थांबते आणि चीज उष्ण हवेत टिकते. गुजरातच्या उन्हाळ्यात आणि शीतकपाट नसलेल्या दुकानांच्या काळात हा गुण निर्णायक होता. चवीची विविधता मात्र त्यात गेली, हे मान्य करायला हवे.

रेनेटचा प्रश्न. केसीनच्या कणांभोवती कप्पा-केसीनचा केसाळ थर असतो आणि तो त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. रेनेटमधील कायमोसिन हा थर छाटते. कण जुळतात, दूध गोठते. हे विकर परंपरेने दूधपित्या वासराच्या जठरातून काढत आले आहेत. इटलीचे पार्मिजानो-रेज्जानो आजही वासराच्या रेनेटनेच होते. पारशी घरांत कोंबडीच्या पेषणीचे वाळवलेले अस्तर वापरण्याची रीत होती. जैन, वैष्णव आणि स्वामिनारायण कुटुंबांच्या या प्रदेशात असे चीज घराघरांत जाणे शक्यच नव्हते. बुरशीपासून, मुख्यतः रायझोम्युकर मिहेई या जातीपासून, मिळणाऱ्या रेनेटने हा अडसर दूर केला. भारतीय अन्न-नियमांनीही चीजच्या व्याख्येत प्राणिज नसलेले रेनेट धरले आहे. माझ्या मते गुजरातेत चीज रुजण्याचे खरे कारण हेच. चव लोकांनी नंतर आपलीशी केली. आधी त्यांना खात्री हवी होती. आयात चीज घेताना वेष्टनावरचा हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण पाहणे म्हणूनच इथे सवयीचे आहे.

शहरातला वापर. बडोद्यात चीज मुख्यतः किसून वरून घातले जाते : सँडविचवर, पावभाजीवर, दाबेलीवर, आणि मराठी वस्तीतून शहराची ओळख बनलेल्या सेव-उसळीवरही. स्वयंपाकात मोझरेला अधिक चालते, कारण पिझ्झ्याने ओढले जाणारे चीज लोकप्रिय केले. फ्रान्सचे निळ्या बुरशीचे रोकफोर किंवा पांढऱ्या बुरशीचे कॅमेंबेर यांना उग्र वासामुळे इथे गिऱ्हाईक थोडे. सुरती पनीराला तो वासाचा अडसर नाही, बुरशीजन्य रेनेटने ते उत्तम बसते आणि दूध तर दाराशीच आहे. अडचण टिकाऊपणाची आहे : पाण्याने भरलेले असल्याने त्याला थंड साखळी अखंड लागते, आणि टोपलीत थर लावण्याचे काम अजून हातानेच नीट होते.