गुरांच्या अंगावरच्या गांधी : सालोत्र्यापासून पशुवैद्यापर्यंत



पहाटे धार काढायला गोठ्यात जावं, तर गाईच्या मानेवर, पाठीवर आणि कासेवर गांधी उठलेल्या, पापण्या सुजलेल्या, आणि जनावर खांबाला अंग घासतंय. कुणी म्हणतं पित्त उठलं, कुणी म्हणतं नजर लागली. मग ज्याला जे सुचेल तो उपाय सुरू होतो. हे उपाय आले कुठून, त्यातले ठेवायचे कोणते आणि टाकायचे कोणते, ते आज पाहू.

आपल्याकडे जनावरांचं वैद्यक जुनं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात हत्तीघोड्यांची निगा सांगितली आहे. शालिहोत्र ऋषीच्या नावावरून घोड्यांच्या वैद्याला 'सालोत्री' हा शब्द पडला. पण शेतकऱ्याच्या गाईम्हशीला सालोत्री कुठला मिळणार? तिथे कडुलिंब, हळद, करंजाचं तेल आणि शेवटी तापल्या लोखंडाचा डाग, एवढंच हाताशी होतं.

आज भाईंदर पूर्वेला इमारतीच इमारती दिसतात. पण नवघर, गोडदेव, खारी ही मूळची गावं. भातशेती, खाजण आणि मिठागरं असा हा सगळा खाडीकाठ. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. खाडीकाठच्या चिखलात आणि ओल्या शेणात चिलटं वाढतात. काही जनावरांना, विशेषतः घोड्यांना, चिलटाच्या लाळेचंच वावडं असतं. एक चावलं तरी अंगभर खाज सुटते. कोकणपट्टीत दिवेलागणीला गोठ्यात कडुलिंबाचा धूर करायची रीत होती, तिच्यात एवढं शहाणपण होतं खरं. मात्र धूर कोंडला की जनावर खोकतं. गोठा कोरडा आणि हवेशीर ठेवणं हा त्याहून चांगला उपाय.

वावडं म्हणजे काय, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पोर्तिये यांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचं विष थोडं थोडं टोचून पाहिलं. पहिल्या वेळी जगलेलं कुत्रं काही आठवड्यांनी अगदी कमी मात्रेनंच दगावलं. रिशे यांना १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या पिर्के या डॉक्टरांनी 'ॲलर्जी' हा शब्द दिला. आपल्यासाठी यातला धडा सरळ आहे : मागच्या वेळी औषध किंवा खाद्य सोसलं, म्हणून या वेळीही सोसेलच असं नाही.

आपल्याकडे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या इस्पितळाच्या आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आणि शिकलेला पशुवैद्य हळूहळू तालुक्यापर्यंत पोचला. तरी घरचा उपाय सुटला नाही, आणि सगळा सोडायचंही कारण नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर संस्थेने जुने लेखी पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. उपाय जुना आहे, हे तिथे सिद्ध झालं. पण जुना उपाय प्रत्येक दुखण्याला लागू पडतो, असं त्यातून निघत नाही. जखमेवरची हळद घशाच्या आतली सूज उतरवत नाही. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी जनावराची ॲलर्जी जाते, यालाही भरवशाचा पुरावा नाही.

एक उपाय मात्र बिनऔषधाचा आहे. जर्सीसारख्या गाईला आटवताना कासेत दूध तुंबलं, की कधी कधी तिला स्वतःच्या दुधाचंच वावडं होतं आणि गांधी उठतात. अशा वेळी कास मोकळी करावी. पुष्कळदा सूज उतरते. ही गाय पुढे कशी आटवायची, ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

तेव्हा एवढं करा :

१. गांधी दिसल्या की आदल्या दोन दिवसांत काय बदललं ते आठवा : नवी पेंड, बुरशी धरलेली वैरण, गोचिडाचं औषध, एखादं इंजेक्शन. खाद्यावर संशय असेल तर ते बंद करा आणि डॉक्टरांना सांगा.

२. गार पाण्याने अंग धुवा. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी लावायला हरकत नाही, पण कातडी फुटलेली नसावी. आधी थोड्या जागेवर लावून बघा.

३. रॉकेल, जळकं ऑइल आणि डाग, हे तिन्ही बंद. त्याने कातडी जळते, आणि वावडं तसंच राहतं.

४. तोंड सुजलं, धाप लागली, जनावर लडखडलं किंवा आडवं झालं, तर पाला शोधत बसू नका. त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा. अशा वेळी इंजेक्शनच जीव वाचवतं, आणि उशीर मिनिटांत मोजायचा असतो.

५. केस गळून खपल्या धरल्या असतील तर ती खरूज किंवा गजकर्णही असू शकेल. त्याचं औषध वेगळं.

आजीचा बटवा जपून ठेवा. पण त्याच्या शेजारी दवाखान्याचा फोन नंबरही भिंतीवर लिहून ठेवा. जनावर बोलत नाही. त्याच्या वतीने वेळेवर आपल्यालाच बोलावं लागतं.