एल चिचोनची छाया

२८ मार्च १९८२ च्या रात्री मेक्सिकोच्या चियापास प्रांतातील एल चिचोन हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला ज्वालामुखी जागा झाला. पहिल्या स्फोटानंतर काही दिवस बरे गेले. त्या शांततेवर विसंबून कित्येक सोके आदिवासी आपल्या गावी परतले आणि ३ व ४ एप्रिलच्या महास्फोटांनी त्यांना गाठले. सुमारे २,००० माणसे दगावली. या घटनेवरील लिखाणात आकाशात गेलेल्या ढगाचीच चर्चा अधिक आढळते. मीही आता तेच करणार आहे, याची मला जाणीव आहे.

त्या वेळी निंबस-७ हा अमेरिकी उपग्रह पृथ्वीभोवती फिरत होता. त्यावरील ‘टॉम्स’ हे उपकरण परत येणाऱ्या अतिनील किरणांवरून ओझोन मोजी. मेक्सिकोवर त्याला एकाएकी अवाजवी ओझोन दिसू लागला. आर्लिन क्रूगर यांनी ही नोंद चूक म्हणून टाकून दिली नाही. सल्फर डायॉक्साइडही तेच किरण शोषून घेतो, हे त्यांनी ओळखले. ज्वालामुखीचा वायू अवकाशातून मोजण्याची विद्या अशी अनपेक्षितपणे हाती आली. एल चिचोनने सुमारे ७० लाख टन वायू ओकला होता. १९८० च्या गाजलेल्या सेंट हेलेन्सने जेमतेम १० लाख.

या वायूपासून गंधकाम्लाचे सूक्ष्म तुषार बनले. स्फोटाच्या ढगाने तीन आठवड्यांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. आणि ज्या ढगातील वायूने एका उपकरणाच्या ज्ञानात भर घातली, त्याच ढगातील तुषारांनी दुसऱ्याला फसवले! नोआ-७ हा उपग्रह अवरक्त किरणांवरून समुद्रपृष्ठाचे तापमान वाची. मध्ये हा पडदा आल्याने त्याला समुद्र होता त्याहून थंड भासला. नेमका त्याच महिन्यांत प्रशांत महासागर तापत होता. जहाजांनी कळवलेली उष्ण तापमाने मात्र संगणकाने अविश्वसनीय ठरवून बाजूला सारली. ऑक्टोबरपर्यंत अनेक तज्ज्ञांना त्या प्रबळ एल निनोची चाहूल लागली नव्हती. भारतात त्या वर्षी पाऊस सरासरीहून बराच कमी पडला. ऑस्ट्रेलियात अवर्षणाने सुकलेली राने १६ फेब्रुवारी १९८३ रोजी, राखेच्या बुधवारीच, पेटली आणि ७५ जण प्राणांस मुकले.

पुढे १९८५ ते १९९४ या काळात विषुववृत्तीय प्रशांत महासागरात सुमारे ७० तरंगती ठाणी नांगरण्यात आली. त्यांचे तापमापक ५०० मीटर खोलीपर्यंत, प्रत्यक्ष पाण्यातच सोडलेले होते.